खेळ रंगला, पण गणित कुठे गेलं? अभ्यासक्रमाला धरून वर्गात खेळ घेण्याची पद्धत

तिसरीच्या वर्गात मी पहिल्यांदा सापशिडी घेतली, तेव्हा पोरं खूश होती आणि मीही. दुसऱ्या दिवशी ‘अडतीस लिहा’ म्हटलं, तर बऱ्याच पाट्यांवर ८३ आलं. आदल्या दिवशी हीच मुलं शंभर घरांच्या फलकावर चाळीस मिनिटं बसली होती. मग झालं काय? फासा पडला की मुलं सोंगटी ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत उड्या मारत नेत होती. घरात कोणता आकडा छापलाय, हे पाहायची गरज कुणालाच पडली नव्हती. खेळ अगदी नियमानुसार झाला, फक्त त्या नियमांत संख्यावाचन कुठेच नव्हतं.

वर्गातले बहुतेक खेळ इथेच फसतात. मुलं गोंधळ घालतात म्हणून नव्हे, तर जिंकण्यासाठी जे करावं लागतं ते एक असतं आणि शिकायचं असतं ते दुसरंच. पुढची सगळी पद्धत ही फट बुजवण्यासाठी आहे. उदाहरणं गणिताची आहेत, कारण मी तेच शिकवतो. पण टप्प्यांचा क्रम पहिली ते आठवी कुठल्याही विषयाला चालतो. क्रम मात्र मोडू नका. आधी खेळ शोधायचा आणि मग तो कोणत्या पाठाला चिकटवता येईल ते बघायचं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

## टप्पा १ : खेळाआधी चूक निवडा

गेल्या आठवड्याच्या वह्या घ्या आणि वीस मिनिटं फक्त चुका बघा. गुण देऊ नका. कोणती चूक पुन्हा पुन्हा दिसते ते एका कागदावर लिहा. ‘संख्याज्ञान कच्चं’ असं मोघम नको, चूक जशी दिसते तशी लिहा :

- ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहितात.
- ‘एकोणपन्नास’ ऐकून ५९ लिहितात.
- ४०७ हे ‘चाळीस सात’ वाचतात.
- ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठं मानतात.

मग पाठ्यपुस्तकाची सुरुवातीची पानं उघडा. तिथे इयत्तावार अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या वर्गात मुलाला काय काय यायला हवं ते, छापलेल्या असतात. आपली चूक कोणत्या निष्पत्तीत बसते ते पाहा. पहिलीपासून नवी पुस्तकं टप्प्याटप्प्याने येऊ लागली आहेत, तेव्हा जुन्या टाचणातून (पाठाच्या तयारीच्या वहीतून) निष्पत्ती उतरवू नका, हातातलं पुस्तक बघा.

निष्पत्ती आकाराने मोठी असते. ‘तीन अंकी संख्यांचे वाचन, लेखन व तुलना करतो’ एवढं सगळं एका खेळात मावत नाही. त्यातला एकच घास घ्या आणि टाचणात एका वाक्यात लिहा : ‘शतकस्थानचा अंक बदलला की संख्या सगळ्यात जास्त बदलते, हे मुलाला कळावं.’

सावध : वाक्यात ‘आणि’ आलं तर तिथे दोन खेळ लपलेत. दुसरा पुढच्या आठवड्यात.

पहिल्या दोन चुका आपल्या भाषेतल्याच आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं अधिक. मराठीत एकक आधी उच्चारतो, लिहिताना मात्र दशक आधी येतो. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो, मूल तो आधी लिहितं आणि ३५ होतं. ‘एकोण’ तर त्याहून चकवणारं : एकोणपन्नासमध्ये ‘पन्नास’ ऐकू येतं, पण दशकस्थानी लिहायचे असतात चार. आणि ७९, ८९ पर्यंत नीट चाललेला हा नियम ९९ ला नव्व्याण्णव होऊन मोडतो. म्हणजे पोरगं ‘बेफिकीर’ नाही, ऐकलं तसंच लिहितंय. इंग्रजीतून भाषांतरित केलेले तयार खेळ ही चूक पकडतच नाहीत, कारण त्या भाषेत विसाच्या पुढे ही अडचण नाही. यासाठी खेळ आपणच बनवावा लागतो.

## टप्पा २ : खेळ गाळून घ्या

मनात आलेला किंवा कुठे पाहिलेला खेळ या चार प्रश्नांतून घाला.

१. जिंकायला मुलाला नेमकं तेच करावं लागतं का? टाचणातलं वाक्य आणि जिंकण्याची कृती शेजारी-शेजारी ठेवा. जुळत नसतील तर खेळ बाद.

२. गणित काढून टाकलं तरी खेळ चालतो का? चालत असेल तर तो गणिताचा खेळ नाही. ‘बेरीज सांग आणि मग चेंडू टाक’ यात मुलाचं सगळं लक्ष चेंडूवर असतं आणि बेरीज म्हणजे चेंडूसाठी भरायचा टोल.

३. चुकलेल्याला पुढची संधी कधी? ‘चुकला की बाद’ अशा खेळात ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच आधी भिंतीला टेकून बसतो. खेळ संपेपर्यंत फक्त ज्यांना आधीच येतं त्यांचाच सराव होतो. बाद करणारे खेळ मैदानावर ठेवा.

४. एका मुलाच्या वाट्याला किती डाव? हिशेब मांडूनच बघा. पंधरा मिनिटं खेळ, एका डावाला अर्धा मिनिट, म्हणजे तीस डाव. चौघांच्या गटात प्रत्येकाला सात-आठ, जोडीत पंधरा. आणि सगळे एकाच वेळी आपापल्या पाटीवर खेळत असतील तर प्रत्येकाला तीसच्या तीस. फळ्यासमोर दोन मुलं आणि बाकी अठ्ठावीस टाळ्या वाजवणारी, असा खेळ पाहुण्यांना दाखवायला बरा.

नशिबाबद्दल माझं मत असं : फासा किंवा चिठ्ठी असू द्या. नशीब अजिबात नसेल तर दर वेळी तीच दोन मुलं जिंकतात आणि तिसऱ्या दिवशी बाकीच्यांचा रस संपतो. पण नुसतं नशीबही नको. प्रत्येक डावात एक नशिबाचा आणि एक मुलाच्या निर्णयाचा भाग हवा.

### सापशिडी टाकून देऊ नका, एक नियम बदला

२६ वर सोंगटी आहे, फाशावर ४ पडले. ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणायचं नाही. बोट घरावर ठेवून त्या घराचा आकडा बोलायचा : ‘सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.’ शेजारच्याने चूक पकडली तर सोंगटी मागच्या घरी जाऊन पुन्हा बोलायचं. एवढंच. आता ‘एकोणतीस’ म्हणताना बोट २९ वर असतं, आणि तो तिढा डोळ्यांसमोर सुटतो.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीगलर यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना शंभरपर्यंतच्या फलकावर असेच दोन प्रकारे खेळवलं होतं. घरातला आकडा पुढे मोजत गेलेल्या मुलांचं संख्याज्ञान सुधारलं; दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही. फलक तोच होता, फक्त तोंडातले शब्द वेगळे होते.

## टप्पा ३ : साहित्य, आदल्या दिवशी

पुढची बहुतेक उदाहरणं मी ‘जागा पकड’ नावाच्या खेळावर देतो (नियम टप्पा ४ मध्ये आहेत), कारण तो सुरुवातीला सगळ्यात सुरक्षित आहे. चाळीस मुलांना कार्डांचा एकच संच पुरतो.

लागतं ते असं : ० ते ९ अंकांची दहा कार्डं, प्रत्येकाकडे पाटी किंवा वही. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कार्डांना उत्तम. कडक असतो, फुकट मिळतो आणि लग्नसराईनंतर गावात ढीग पडलेला असतो. छापील बाजू आत दुमडून चिकटवा, नाहीतर मुलं नवऱ्या मुलाचं नाव पाहून कार्ड ओळखायला लागतात. हे गमतीने लिहीत नाही, झालेलं आहे.

अंक मोठे आणि एकाच जाडीच्या स्केचपेनने लिहा. ६ आणि ९ देवनागरीत वेगळे दिसतात, पण आंतरराष्ट्रीय अंक वापरत असाल तर दोन्हींच्या खाली रेघ मारा.

गटात खेळायच्या खेळांसाठी मात्र गटांइतके संच आणि वर एक जादा. सोंगट्यांना चिंचोके किंवा बाटलीची बुचं. फासे लाकडाचे किंवा प्लास्टिकचे असतील तर डब्याच्या झाकणात टाकायला सांगू नका, पत्र्याच्या वर्गात आठ झाकणं एकदम वाजली की शेजारचा वर्ग बंद पडतो. दुमडलेल्या रुमालावर टाका, किंवा फोमचे ठोकळे कापून फासे बनवा.

एक सूचना : बाजारातले खेळायचे पत्ते गणिताला सोयीचे असतात, पण गावात ‘शाळेत पत्ते खेळवतात’ ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. कार्डं घरचीच करा.

ताडून पाहा : प्रत्येक संच मोजला का? एक कार्ड कमी असलेला गट दहा मिनिटं तुम्हालाच शोधायला लावतो.

## टप्पा ४ : नियम लिहा आणि आधी स्वतः खेळा

‘जागा पकड’चे नियम :

१. पाटीवर तीन चौकटी आखा, वर श, द, ए (शतक, दशक, एकक) लिहा. बाजूला चौथी चौकट, ती कचरापेटी.
२. शिक्षक कार्डं पिसून एक काढतात आणि अंक सांगतात. कार्ड परत गड्डीत जात नाही.
३. पुढचं कार्ड निघण्याआधी तो अंक कोणत्या तरी एका चौकटीत लिहायचाच. लिहिला की पुसायचा नाही.
४. चार कार्डं निघाली की फेरी संपली. एक अंक कचरापेटीत गेलेला असतो, उरलेल्या तिघांची संख्या झाली.
५. ज्याची संख्या मोठी तो जिंकला, पण ती शब्दांत बरोबर वाचली तरच.

पाचव्या नियमाचं शेपूट महत्त्वाचं आहे. ९४७ बनवलं आणि ‘नऊशे चौऱ्याहत्तर’ वाचलं, तर गुण नाही.

घरी कुणाला तरी बसवून तीन फेऱ्या खेळा. नियमांतली भोकं तेव्हाच दिसतात. मला दिसलेली : पहिल्या चौकटीत शून्य आलं तर काय? ०८५ ही तीन अंकी संख्या धरायची का? आधी ठरवलं नसेल तर हा वाद वर्गात होतो, आणि तो वाद इतका चांगला आहे की मी मुद्दाम नियम सांगत नाही, तो होऊ देतो. पण तो होणार हे मला आधी माहीत असतं, एवढाच फरक.

सावध : पाचपेक्षा जास्त नियम झाले तर खेळ लहान करा. मुलं नियम आठवण्यात गुंतली की विचार करायला डोक्यात जागा उरत नाही.

## टप्पा ५ : तासिका कशी कापायची

चाळीस मिनिटांची तासिका धरून माझी वाटणी :

- ३ मिनिटं : चुकीवर एक प्रश्न, पाटीवर उत्तर. चर्चा नाही. ‘४, ० आणि ७ पासून सगळ्यात मोठी संख्या लिहा.’
- ५ मिनिटं : खेळून दाखवणं.
- १५ मिनिटं : खेळ.
- १० मिनिटं : बोलणं.
- ५ मिनिटं : वहीतला प्रश्न.
- २ मिनिटं : आवराआवर.

लोक दुसरी आणि चौथी ओळ कापतात. दुसरी कापली तर खेळाच्या पंधरापैकी आठ मिनिटं नियम समजावण्यात जातात. चौथी कापली तर उरते ती करमणूक.

नियम सांगून दाखवू नका, खेळून दाखवा. एका मुलाला समोर घ्या, फळ्यावर दोन पाट्या आखा, त्याच्याशी एक पूरी फेरी खेळा आणि आपण मुद्दाम हरा. खेळताना मोठ्याने विचार करा : ‘पाच आलाय... शतकात टाकू? पण मागून आठ-नऊ आला तर?’ यशस्वी खेळाडू मनात काय करतो हे मुलांना ऐकू गेलं पाहिजे.

गट पाडत असाल तर कार्डं वाटण्याआधी गट पाडा. उलट केलंत तर बसायच्या जागा बदलताना अर्धी कार्डं जमिनीवर. आणि ‘एक हुशार, तीन कच्चे’ असा गट करू नका. हुशार मूल सगळ्यांचे डाव खेळतं आणि बाकीचे त्याच्या हाताकडे बघतात. जवळपास सारख्या तयारीच्या मुलांच्या जोड्या लावल्या तर दोघंही विचार करतात.

ताडून पाहा : खेळ सुरू करण्याआधी एका शांत बसणाऱ्या मुलाला विचारा, ‘आता तू पहिल्यांदा काय करशील?’ त्याला सांगता आलं तर सुरू करा. पहिल्या बाकावरच्याला विचारून काही कळत नाही.

## टप्पा ६ : खेळ चालू असताना आपण काय करायचं

वह्या तपासायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत. फोटो शेवटच्या दोन मिनिटांत काढा, केंद्रप्रमुखांना तेवढा पुरतो.

फिरा आणि तीनच गोष्टी टिपा : कोण निर्णय घेण्याआधी थबकतं, कोण शेजाऱ्याचं बघून लिहितं आणि कोणती चूक दोनपेक्षा जास्त पाट्यांवर दिसते. छोट्या वहीत नाव आणि एक शब्द पुरे.

उत्तर सांगू नका. मुलाने एकक स्थानी ९ लिहिला तर तोंड आवरा. फेरी संपल्यावर त्यालाच कळतं की चूक महागात पडली. तिथे आपण आधीच ‘अरे, नऊ शतकात!’ म्हणालो तर निर्णय आपला झाला, त्याचा नाही. विचारायचंच असेल तर एवढंच : ‘तिथेच का ठेवलास?’ आणि हा प्रश्न बरोबर लिहिणाऱ्यालाही विचारा, नाहीतर ‘गुरुजींनी “का?” विचारलं म्हणजे चुकलंय’ असं समीकरण मुलं दोन दिवसांत शिकतात.

वेगाला बक्षीस देऊ नका. ‘जो आधी सांगेल तो जिंकला’ म्हटलं की सावकाश पण नीट विचार करणारी पोरं गप्प होतात.

सावध : आवाज आणि गोंधळ यांत फरक करा. ‘अगं, शतकात टाक ना!’ हा आवाज आहे, तो असू द्या. ‘सर, हा माझं कार्ड देत नाही’ हा गोंधळ आहे, आणि तो बहुतेक वेळा साहित्य कमी पडल्यामुळे होतो.

## टप्पा ७ : फेरी थांबवून बोलणं

खेळातून आपोआप शिकणं होतं यावर माझा विश्वास नाही. खेळामुळे मुलाकडे बोलण्यासारखं काहीतरी जमा होतं. ते बोलून घेतलं तर गणित होतं.

‘कोण जिंकलं?’ पासून सुरुवात करू नका. दोन पाट्या उचला, एकीवर ८५१, दुसरीवर ५८१. दोघांकडे तेच अंक आले होते. विचारा : ‘दोघांचा नशिबाचा भाग सारखाच, मग हिची संख्या मोठी कशी?’ उत्तर ‘तिने आठ पुढे टाकला’ असं येईल. तिथे थांबू नका. ‘पुढे टाकल्याने किती वाढली?’ ८०० आणि ८०, ५०० आणि ५० हे फळ्यावर उलगडून घ्या. टाचणातलं वाक्य इथे मुलाच्या तोंडून यायला हवं, आपल्या नाही.

मग खरा रंगणारा प्रश्न : ‘पहिलंच कार्ड ५ आलं, तर कुठे ठेवाल?’ वर्गात दोन तट पडतात. मोजून घ्या : गड्डीत नऊ कार्डं उरली, त्यांत पाचपेक्षा मोठी चार आणि लहान पाच. लहानच जास्त, म्हणून पाच शतकात टाका, असं अर्धा वर्ग म्हणतो. पण अजून तीन कार्डं निघायची आहेत. त्या तिघांत एक तरी मोठं निघण्याच्या शक्यता ८४ पैकी ७४ आहेत. म्हणून थांबणं शहाणपणाचं. हा आकडा मुलांना सांगायचा नाही, आपल्या माहितीसाठी. मुलांनी वीस वेळा कार्डं काढून खुणा कराव्यात, सातवी-आठवीच्या मुलांनी तर जरूर.

नंतर एक नियम उलटा करा : ‘आता सगळ्यात लहान संख्या जिंकणार.’ ज्यांनी नुसतं ‘मोठा अंक पुढे’ पाठ केलंय ते लगेच उघडे पडतात, आणि शून्य पुढे चालतं की नाही हा वाद पुन्हा पेटतो.

## टप्पा ८ : वहीत उतरवणं आणि नोंद

शेवटची पाच मिनिटं कार्डं झाकून ठेवा. सुरुवातीच्या तीन मिनिटांत विचारला तोच प्रश्न, अंक बदलून, वहीत. सोबत एक खेळातून काढलेला : ‘मीनाकडे श = ६, द = रिकामं, ए = २ आहे. ५ आणि ९ पैकी कोणता अंक दशकात घेतल्यास संख्या ६७० पेक्षा मोठी होईल? का?’ ‘का’ला अर्धं वाक्य तरी हवं.

सुरुवातीचं आणि शेवटचं उत्तर शेजारी ठेवलं की खेळाने काय केलं ते दिसतं. काही वेळा काहीच केलेलं नसतं. तेव्हा टप्पा २ कडे परत जा, मुलांकडे बोट दाखवू नका.

आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनात, हे ‘दैनंदिन निरीक्षण’ किंवा ‘उपक्रम/कृती’ या साधनाखाली नोंदवता येतं. वर्णनात्मक नोंद ‘खेळात आनंदाने सहभागी होतो’ अशी नको, ती प्रगतिपुस्तकात वर्षभर फिरत राहते आणि कुणालाच काही सांगत नाही. ‘तीन अंकी संख्येत अंकाची जागा विचारपूर्वक ठरवते, शून्य असलेल्या संख्या वाचताना अडखळते’ अशी नोंद पुढच्या वर्षीच्या शिक्षकालाही उपयोगी पडते.

तोच खेळ त्याच आठवड्यात पुन्हा घ्या. पहिल्या वेळी मुलं नियम शिकतात, गणित दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. दर शनिवारी नवा खेळ आणणारा शिक्षक लोकप्रिय होतो, पण त्याची मुलं कायम पहिल्याच वेळेवर अडकतात.

## वरच्या वर्गांसाठी दोन बदल

दशांश अपूर्णांक. हाच खेळ, पण चौकटींच्या आधी ‘०.’ लिहून पुढे दशांश, शतांश, सहस्रांश. इथे वाचनाचा नियम कडक ठेवा. ‘शून्य पूर्णांक पंचेचाळीस’ असं वाचलं की कानाला पंचेचाळीस पाचपेक्षा मोठं वाटतं आणि ०.४५ जिंकतं. ‘शून्य दशांशचिन्ह चार पाच’ असं वाचायला लावा. वाद झालाच तर शंभर चौकोनांचा आलेख कागद काढा आणि रंगवून बघा.

पूर्णांक संख्या. सहावीला ऋण संख्या आल्या की मुलं ‘वजा वजा अधिक’ पाठ करतात आणि दिवाळीच्या सुट्टीत विसरतात. त्यांच्यासाठी उधारीचा खेळ. हिरवं बुच म्हणजे एक रुपया जमा, लाल म्हणजे एक रुपया उधार. प्रत्येकाला सुरुवातीला पाच हिरवी, पाच लाल, किंमत शून्य. चिठ्ठ्यांवर हुकूम : ‘३ लाल घ्या’, ‘२ लाल परत करा’, ‘४ हिरवी घ्या’, ‘१ हिरवं परत करा’. प्रत्येक डावानंतर वहीत मांडायचं : ० + (−३) = −३, मग −३ − (−२) = −१. मांडणी चुकली तर डाव धरला जात नाही. आठ डावांनंतर किंमत जास्त तो जिंकला.

‘लाल परत करा’ आलं की मूल स्वतःच म्हणतं, ‘उधारी फिटली, वाढलं!’ ऋण वजा करणं म्हणजे काय, ते तिथे कळतं. नेहमीची चूक : मुलं सगळी बुचं एकत्र मोजतात. बारा लाल आणि चार हिरवीवाला सोळा बुचं बघून स्वतःला विजेता समजतो. एक लाल, एक हिरवं अशा जोड्या लावून बाजूला सारायला सांगा. उरतात आठ लाल, म्हणजे −८. आणि −८ पेक्षा −३ मोठं का, हे कर्जबाजारी कोण जास्त या प्रश्नाने सुटतं.

## दोन इयत्ता एकाच खोलीत असतील तर

द्विशिक्षकी शाळेत एक इयत्ता खेळत असताना दुसरीला शिकवायचं असतं. तिथे आधी शिकवून झालेलाच खेळ द्या, नवा कधीच नाही, आणि तो जोडीतला, कमी बोलण्याचा. एकाने ‘अडतीस’ लिहिलेलं कार्ड दाखवायचं, दुसऱ्याने अंकांत लिहायचं, उत्तर कार्डाच्या मागे. ३५–५३, २६–६२, ४७–७४, ३८–८३ अशा उलट्या जोड्या आणि ४९–५९ सारख्या ‘एकोण’च्या जोड्या गड्डीत मुद्दाम घाला. फेरी थांबवून बोलणं मात्र शिक्षक मोकळा झाल्यावरच, भले दुपारच्या सुट्टीनंतर.

## मोबाइल आणि पडदा

टप्पा २ मधल्या गाळणीचे चार प्रश्न इथेही तेच. पडद्यावरच्या बहुतेक प्रश्नमंजुषा घड्याळ लावून वेगाला गुण देतात. तिथे घड्याळ बंद करता येत असेल तर करा. एकच फोन असेल तर पडद्यावरचा प्रश्न सगळ्यांनी आधी पाटीवर सोडवायचा, पाट्या वर, आणि मगच बटण. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाची बरीच सिम्युलेशन (पडद्यावर हाताळून बघायचे प्रयोग) मराठीत आहेत, आणि अपूर्णांकांसाठी ती खरोखर कामाची आहेत. रेंज नसलेल्या शाळेत आधी उतरवून नेता येतात.

मुलांच्या नावाने खाती उघडू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती धरलेली आहे. ‘गट क्र. ३’ एवढ्या नावावर काम भागतं.

## आवरताना

घंटेआधी दोन मिनिटं गटनायक संच मोजून पाकिटात भरतील. पाकिटावर बाहेर चार गोष्टी लिहा : खेळाचं नाव, इयत्ता आणि निष्पत्ती, आत किती कार्डं, आणि आज कुठे अडलं. माझ्या ‘जागा पकड’च्या पाकिटावर शेवटच्या ओळीत लिहिलंय : ‘शून्य आलं की वाद, दहा मिनिटं जादा ठेवा.’ पाकीट पुठ्ठ्याच्या खोक्यात उभं ठेवा. आडवी रचलीत तर खालची गड्डी पावसाळ्यात दमट होते, आणि जूनमध्ये कार्डं पुन्हा कापत बसावं लागतं.